वीतभर खाली

अकरा वर्षं मी प्रकाशाचं अपवर्तन
एका काचेच्या ग्लासात शिकवत आले.
ग्लास मुख्याध्यापकांच्या चहाच्या ट्रेमधला,
पेन्सिल ज्याची लांब असेल त्याची.
मुलं म्हणतात, मोडली.
मी म्हणते, मोडलेली दिसते.
मग फळा, लंब, आपाती किरण, दोन कोन,
आणि घंटा.

खेमराज वलथरे, हजेरी क्रमांक एकोणीस.
मामा तलावाचं पाणी उतरलं की गैरहजर.
त्या दिवशी होता.
म्हणाला, मॅडम, मासोरी दिसते तिथं नसते जी.
कोच खाली माराव लागते.
किती खाली?
त्यानं वीत पसरली, थोडी मिटली,
खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा थोडी उघडली.
वहीत लिही म्हटलं
तर पेन उघडून नुसता बसून राहिला.

रविवारी गेले.
मार्चचं पाणी, काठाला भेगाळलेला गाळ,
बेशरमाच्या झुडपांत अडकलेलं कुणाचं तरी जाळं.
त्याची मावशी सायत्रा लुगडं खोचून
कमरेएवढ्या पाण्यात, हातात बांबूचा कोच.
मला एक पूर्णांक तेहतीस शतांश पाठ.
खोल असतं त्याच्या पाऊणच दिसतं, हेही पाठ.
मी नऊ वेळा मारला.
नऊ वेळा गाळ उठला
आणि मरळ आपल्या वाटेनं गेली.
आकडा डोक्यात होता,
खांद्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागत होता,
तेवढ्यात मासा कुठच्या कुठे.

सायत्रा हसली नाही. म्हणाली,
दूरची मासोरी लबाड, तिले खाली धरा.
नाकाखालची खोटं नाही बोलत,
तिले सरळ मारा.
मी थबकले.
नाकाखालची म्हणजे माझा लंब!
फळ्यावर तुटक रेघेनं काढते तो,
ज्याच्यावरून आलेला किरण वाकत नाही.
दरवर्षी काढते. का काढायचा
हे मला आज पाण्यात उभं राहून कळत होतं,
पायाची बोटं गाळात रुतलेली.

मग खेमराजनं विचारलं,
मॅडम, मासोरीले आपन कोठं दिसतो?

सायत्रानं मान हलवली. हे तिला कुणी विचारलं नव्हतं,
तिनं कधी माशाच्या बाजूनं पाहिलं नव्हतं.
इथे मात्र माझ्याकडे काहीतरी होतं.
काडीनं ओल्या गाळावर रेघ ओढली, हे पाणी.
हा तू, काठावर. हा मासा.
तुझ्याकडून निघालेला किरण इथे खाली वाकतो,
पण माशाला वाकणं ठाऊक नाही,
तो सरळ मागे पाहतो, म्हणजे इथे, वर.
तू आहेस त्याहून उंच दिसतोस त्याला.
खेमराज रेघेकडे बघत राहिला.
मग एकदम मावशीकडे वळला:
म्हनून तू काठावर बसून सरकतेस!

सायत्रा आता मात्र हसली.
मी त बसतो रे, टोंगरे दुखतेत म्हनून.

पण थोड्या वेळानं, मी चपला शोधत असताना पाहिलं:
ती गाळावरच्या त्या रेघांपाशी वाकली होती,
आणि काठाकडे निघाली तेव्हा
नेहमीपेक्षाही खाली वाकून,
जवळजवळ रांगत.

सोमवारी तोच ग्लास, तीच पेन्सिल.
खेमराजनं हात वर केला नाही,
सरळ टेबलापाशी येऊन गुडघ्यांवर बसला
आणि काचेतून पाण्याच्या पोटाकडून वर पाहू लागला.
वर आरसा आहे, मॅडम.
पानी वरून काच आन खालून आरसा.
वर्ग हसला.
पूर्ण आंतरिक परावर्तन, मी म्हणाले, ते पुढच्या पाठात येईल.
असं म्हणून खडू उचलला,
आणि पुन्हा ठेवला.
पदर आवरून त्याच्या शेजारी खाली बसले,
टोंगरे कुरकुरले.
खरंच होता. चांदीसारखा, थरथरणारा,
त्यात पेन्सिलचं उलटं टोक.

सरक, मागून कुणीतरी म्हणालं,
आमाले बी पाहू द्या.